फेरीने

दिवाडीच्या धक्क्यावर, एका हातात सोलांची पिशवी,
दुसऱ्या अंगठ्याने मी घरच्या ग्रुपवर टाकलं :
शाबामामा गेले

फेरी मांडवीच्या मध्यावर पोचेपर्यंत
जोडलेले हात, एकवीस.
म्हापशाच्या वीणाची भावपूर्ण श्रंद्धाजली.
कुडचड्याहून विचारणा : कितीला नेणार?

मामांनी फेरीतच सगळं वाचलं.
कळवलं : साडेपाचला, बस मिळाली तर.

पुढच्या रविवारी त्यांनी मला
'फेरीने' हा शब्द दहादा लिहायला लावला,
पाटीवर नाही, वीजबिलाच्या पाठीवर.

काल पहाटे मी नाव लिहिलं, वय,
वेळ, हॉस्पिटल, कितीला नेणार तेही.
ऱ्हस्वदीर्घ पाहिले.
पूर्णविराम दिला.

वीणाने पहिलीच ओळ वाचली असणार.
लिहिलं : फेरीने ना?
पुढे हसून लोळणारा चेहरा.