नाव घातलेली भांडी

निवतीच्या दवाखान्यातून रिटायर झाले तेव्हा
क्वार्टर सोडायला महिन्याची मुदत होती
आणि पलंगाखाली, फळीवर, माळ्यावर
एकशे चौदा भांडी.
मोजली मी. आधी कधी मोजली नव्हती.

बाळंतपणाला एक.
पैसे घ्यायचे नाहीत हा माझा नियम,
म्हणून लोक वेंगुर्ल्याच्या बाजारात जात,
टोप, डबा, तपेली, जे परवडेल ते उचलत
आणि दुकानातच नाव घालून आणत:
‘केळुसकर नर्सबाई यांस, चि. अमुकच्या जन्मानिमित्त’,
खाली तारीख.
ठिपक्याठिपक्यांची अक्षरं, बोटाला अजून लागतात.

नवी खोली खाडीच्या तोंडाशी, दहा बाय बारा.
एक खिडकी, एक शेगडी, मी.

भंगारवाला कुडाळहून टेम्पो घेऊन आला.
पहिलं पोतं काट्याला लावून म्हणाला,
बाई, किलोला पंचेचाळीस.
मी जन्मभर पोरं काट्याला लावली:
अडीच किलो, पावणेतीन,
एक दीड किलोचा, तोही जगला.
म्हटलं, उतरव.

मग घरोघर निघाले.
ज्याचं त्याला द्यावं, हिशेब सोपा.
तर तारामती मेतर दारातच कमरेवर हात ठेवून:
‘दिलेला परत करतत काय, बाईनू?
माझो झील तुमका जड झालो?’
झील मागे उभा, सहा फूट, मोबाईलमध्ये बघत.
त्या दिवशी जेवढी नेली तेवढी घेऊन आले,
वर एक फणस.

दुसऱ्या दिवसापासून मी कोणाला काही परत केलं नाही.
म्हटलं, माझ्याकडे जागा नाही गं,
तुझ्याकडे ठेव, लागलं की मागेन.
ठेवायला कोणी नाही म्हणत नाही.
मागायला मी यायची नाही हे
त्यांना ठाऊक, मला ठाऊक,
बोललं कोणीच नाही.

मोठे टोप शाळेच्या खिचडीला गेले.
एक परात गेली ती कोंबड्यांना पाणी ठेवायला,
ते बघून क्षणभर राग आला, खोटं कशाला बोलू,
मग कोंबडी प्यायली, मान वर करून गिळलं तिने,
आणि बरं वाटलं.
पिशवी रिकामी झाली तरी खांदा
आठवडाभर एकाच बाजूला कलता,
सवयीने.

राहिला एक तांब्या.
खवण्याच्या घरातला.
माझं नाव आहे, तारीख आहे,
आणि ‘चि.’ च्या पुढे नुसतं गुळगुळीत स्टील.
बारशाला नाव ठरलं की घालू म्हणाले होते.
बारशाआधीच गेली.
बाप तरीही घेऊन आला तो, वर्तमानपत्रात गुंडाळून.
म्हणाला, ‘तुमचो काय दोस.’
तो मी कोणाकडे ठेवणार?
पाणी त्यातूनच पिते.

परवा सकाळी खिडकीतून लुविस फर्नांडिस दिसला.
पायाळू आलेला, पहाटे चारला, सगळ्यांना घाम फोडून.
पायाळू माणसाला वीज ओढते म्हणून
आई त्याला पावसात अंगणातही सोडत नसे,
आणि हा पोटासाठी समुद्रावर.
होडीत पाणी शिरलेलं. तो उपसत होता
एका तपेलीने, जिच्या काठावर
त्याचा वाढदिवस लिहिलाय.

मला बघून तपेली उंच धरली:
‘बाईनू, होई काय तुमका?’
मी हातानेच नको म्हटलं.
तो परत वाकला.
भर, ओत. भर, ओत.
होडी बोटभर वर आली,
थांबली,
आणखी बोटभर.