तेहेतीस फेरे आणि वर एक तृतीयांश

इतवारीच्या भंगारातून किलोवर आणलेल्या तव्यांत
हा एक निघाला.
अर्धं कव्हर वाळवीनं नेलेलं,
उरलेल्या अर्ध्यात बर्फावर बसलेला दाढीवाला,
मांडीवर सारंगीचं कुणी दूरचं भावंड,
आणि डोक्यावर दोन चंद्र.

नाव स्वीडनच्या भाषेत.
एका अक्षराच्या माथ्यावर गोल, दुसऱ्याच्या दोन टिंबं.
मुरलीधर हेडाऊ म्हणाले, अनुस्वार आहेत बाप्पा,
नाकातून म्हण, येते.
मी नाकातून म्हटलं.
नाही आलं.

गोळीबार चौक, मे महिना, संध्याकाळचे सात.
दुकानात लग्नांचे भोंगे पालथे घातलेले,
कूलरमधून ओल्या वाळ्याचा वास.
सुई टेकली.
आधी नुसती खरखर,
मग लांबून एक फिडल,
वरात निघून गेल्यावर मांडवात
एकट्याच उरलेल्या वाजंत्र्यानं वाजवावं तसं.

मग ढोल शिरला, तो सुटेचना.
एकच ठेका. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे.
टेबलाखाली हेडाऊंचा पाय हलू लागला
पावडीवर असल्यासारखा.
घरचा माग विकून त्यांना बारा वर्षं झाली.
पायाला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि ऑर्गन. तो चढत गेला,
पत्र्यातून, शेजारच्या टाकीवरून,
कोराडीच्या धुराला वळसा घालून
जिथं वारासुद्धा नसतो तिथं,
आणि तिथं पोचल्यावर एक बाई ओरडली.
गाणं नव्हे ते. हाक.
डोंगरात पांगलेली गुरं परत बोलवायची हाक,
फक्त गुरं आता ताऱ्यांत चरत होती.

मागच्या गोठ्यातून कौसाबाई आल्या, हात शेणाचे.
कोण बोलावून राह्यलं बे?
माही म्हैस उभी झाली ना दावं ताणून.

तेवढ्यात लाइट गेली.
बाईच्या आवाजाचा बुवा झाला,
बुव्याचा रेडा,
रेड्याची जमीन,
आणि जमीन थांबली.

हेडाऊंनी तव्यावर बोट ठेवलं
आणि फिरवू लागले.
अँप्लिफायर मेलेला, पण सुईला स्वतःची
मुंगीएवढी कुजबुज असते, कान नेला तर.
आम्ही तिघांनी कान नेले.
कौसाबाईंच्या पदराला दुधाचा वास.
बोट कधी घाई करायचं, कधी मागाच्या चालीवर जायचं,
त्याप्रमाणे स्वीडन जवळ यायचं, लांब जायचं.

दाराबाहेर चौक काळा ठिक्कर,
वर म्हातारीचं खाटलं, मागं तीन चोर.
तिकडं त्यालाच गाडा म्हणतात म्हणे.
काही म्हणा, तेही फिरतंच आहे,
एक फेरा रात्रंदिवस मिळून.

लाइट आली. पंखा, भोंगे, समोरची ज्यूसची मशीन,
सगळं एकदम बोलू लागलं.
हेडाऊ बोट काढेनात.
थांब, म्हणाले,
एक गाय राह्यली अजून.