मुरूम लागेपर्यंत

गौसभाई म्हणाले, घड्याळ काढ.
काढलं.
थापी, ओळंबा, सुताची गुंडी असलेल्या पिशवीत
त्यांनी ते टाकलं आणि म्हणाले,
आता चार महिने माझ्याशी बोलत पळायचं.
शब्द तुटला की पाय हळू.

मानवतची जिनिंग अजून घोरत असते तेव्हा
आम्ही कालव्याच्या कडेला लागतो,
मी पायी, ते सायकलवर,
कॅरियरला दुपारचा डबा.
मी सांगत जाते:
कापसाला काल काय भाव निघाला,
आईची दाढ कुठल्या बाजूनं ठणकते,
शेजारच्या लग्नात जिलबीवरून कोण रुसलं.
ते हं म्हणतात. कधी तेही नाही.
पंधरा दिवसांत माझ्या गोष्टी सरल्या,
मग पाढे काढले.
बाभळीच्या वळणावर, जिथं जरा चढ आहे,
एकोणतीस साती अडायचं
आणि मी चालायला लागायचे,
हो, चालायला,
पळायला आलेली मी.

भरतीची पोरं मागून यायची, पुढं जायची.
काय शिवकांता, दळण टाकायला निघालीस का?
मी दात आवळायचे.
दात आवळले की बोलता येत नाही.
मागून सायकलची घंटी वाजायची, एकदाच.

गौसभाई सांगतात, आपली जमीन लबाड हाय.
वरून बघशील तर दगडावानी,
चैतात तिच्या भेगेत हात जातो कोपरापर्यंत,
श्रावणात फुगते, दारं चौकटीत बसत नाहीत.
म्हणून खांदायचं. पाच फूट, सात, कधी नऊ,
मुरूम लागेपर्यंत.
मालक रोज येतो अन् इचारतो,
भिंत कुठंय, गौस?
मी म्हणतो, खाली उतरा, दाखवतो.

डिसेंबरात एका पहाटे ते आले नाहीत,
कुणाचा तरी स्लॅब होता.
पोरं आली, आणि मी गेले त्यांच्यासोबत.
काय सांगू,
कानात वारा शिट्टी घालत होता,
कालव्याचं पाणी उलटं वाहत होतं,
तोंडातून एक अक्षर निघत नव्हतं आणि नकोच होतं.
तिसऱ्या चारीपर्यंत दोघं मागं पडले.
तिसऱ्या दिवशी उजव्या नडगीत
कुणीतरी खिळा ठोकत होतं.

मी म्हटलं, रानात पाय मुरगळला.
मी जिना कशी उतरते ते गौसभाईंनी पाहिलं
आणि दुसऱ्या दिवशी त्या स्लॅबवर नेलं,
हातात पाइप दिला. मार पाणी.
एकवीस दिवस, सकाळ-संध्याकाळ,
सिमेंटच्या आळ्यांत मी पाणी भरत राहिले,
कावळे येऊन त्यात अंघोळ करून जायचे.
खोटं बोललीस, असं ते कधी म्हणाले नाहीत.
एवढंच म्हणाले, वाळायला एक दिवस लागतो,
मुरायला किती लागायलेत ते मोज.

मग पुन्हा कालवा. आधी पहिल्या चारीपर्यंतच.

आता माघ सरतोय, तूर निघाली, रानं उघडी पडलीत.
रात्री उशीवर कान टेकला की
आतला ठोका ऐकू येतो.
दोन ठोक्यांच्या मध्ये आता जागा आहे,
एखादी म्हैस निवांत वळून उभी राहील एवढी.

काल एकोणतीस साती दोनशे तीन
कधी होऊन गेलं कळलंच नाही,
बाभूळ केव्हाच मागं राहिली होती.
तीसचा सोपा. एकतीसचा मला येत नाही.
मी गप्प झाले,
तर गौसभाईच बोलायला लागले,
मी बी पळायचो गं.
औरंगाबादच्या शर्यतीला बूट घ्यायला
अब्बानं शेळी इकली होती.
सोळा किलोमीटरपर्यंत माझ्या म्होरं
नुसती जीप होती, नुसती जीप,
आन् मग

चढ होता. सायकल जुनी.
त्यांचा शब्द तुटला.

मी पाय हळू केले.