करिता

विट्याच्या कॉलेजात दुपारच्या तासाला
मी अमेरिकेचं संविधान शिकवते.
बाहेर यंत्रमागांचा खडखडाट,
आत निम्मी पोरं झोपेला टेकलेली.
उपराष्ट्राध्यक्ष, मी फळ्यावर लिहिते.
सिनेटच्या उंच खुर्चीत बसतो,
पण मत देऊ शकत नाही.
दोन्हीकडं सारखी मतं पडली, तरच.
पहिल्यानं तर बायकोला कळवलं होतं
की एवढं बिनकामाचं पद
आजवर कुणाच्या डोक्यातून निघालं नसेल.
मागच्या बाकावरून सुकुमार म्हणतो,
"म्हणजे उपसरपंच की, मॅडम."

वर्ग हसतो.
मी खडूची धूळ झटकत राहते.

औदुंबरच्या समोरच्या काठाला आमचं गाव.
आप्पा दोन टर्म उपसरपंच होते,
दादगोंडा जिनाप्पा चौगुले.
जयंतीच्या फोटोत कडेला,
अर्धा खांदा हाराआड.
भाषणात "आणि इतर मान्यवर".
सरपंच जिल्ह्याला गेले की दाखले आप्पांकडं यायचे.
सरपंचांच्या शिक्क्यावर
आधी ते "करिता" लिहायचे, ठळक, गोल,
मग शेजारी सही, मुंगीएवढी.
लहानपणी मला वाटायचं
आप्पांचं कचेरीतलं नाव करिता आहे.

सोळा वेळा ती जागा तिकडं रिकामी राहिली,
एकदा तर जवळजवळ चार वर्षं,
आणि देश चाललाच, मी सांगते.
एकाला ब्याऐंशी दिवस कुणी बोललंच नाही
की वाळवंटात कसला बॉम्ब शिजतोय.
एकाला मध्यरात्री बापानं जिन्याखालून हाक मारली.
खेड्यातलं घर, फोन नाही.
रॉकेलच्या दिव्यात बापानंच शपथ दिली
आणि तो परत जाऊन झोपला.

आप्पांना हाक मारायला कुणी नव्हतं.
त्या ऑगस्टात सरपंच मिरजेच्या दवाखान्यात,
आयर्विन पुलावरचे आकडे
फोनवर तासातासाला चढत होते,
मग फोनही गेला.
चावडीत बॅटरीच्या उजेडात दहाजण.
पाच म्हणाले थांबू, आजोबांच्या वेळी पण उतरलं होतं.
पाच म्हणाले हलू.
मग सगळ्यांनी कडेला बघितलं,
फोटोत ते जिथं असतात तिथं.

आप्पा खाकरले.
"हलायचं. जनावरांची दावी कापा."

कुणीतरी विचारलं, कापा? सोडा न्हवं?
"गाठी भिजल्यात. कापा."

नऊ दिवस गाव माळावरच्या बेदाण्याच्या शेडमध्ये.
तांदूळ, डिझेल, कुणाची तरी बाळंतीण, नावेत आधी कोण,
सगळ्या चिठ्ठ्यांवर आप्पांची सही.
शिक्का पाण्यात होता.
तीन म्हशी परत आल्या नाहीत,
त्यातली एक आमची.
दोन घरं आजही आमच्याशी बोलत नाहीत.

दहाव्या दिवशी सरपंच आले,
हाताला सलाईनची पट्टी.
आप्पांनी चिखलातून काढलेला शिक्का
धोतराच्या सोग्यानं पुसून पुढं ठेवला,
आणि उठून बाजूच्या खुर्चीत बसले.

परवा पेपर तपासताना त्यांना प्रश्न वाचून दाखवला:
उपराष्ट्राध्यक्षाची भूमिका स्पष्ट करा, पाच गुण.
शेंगा फोडत त्यांनी ऐकलं.
टरफलं एका बाजूला, दाणे माझ्या बाजूला.
"आणि तो दिव्याजवळचा," बऱ्याच वेळानं म्हणाले,
"त्यानं सकाळी सही करताना
आधी काय लिहिलं असंल गं?"