रकान्यात बसलं नाही ते

बाई, तुम्ही सांगलीला ट्रेनिंगला गेलासा
आणि अंगणवाडीची चावी माझ्या पदराला बांधलीसा.
म्हणालासा, आठवडाभर नुसती सांभाळ,
खिचडी घाल, भांडणं मोड,
शिकवायचं काय ते मी आल्यावर बघू.
मी मदतनीस. सातवी पास.
म्हटलं बरं.

सोमवारी नणंदेच्या शेडवरनं बेदाणा आणला,
काळा पडलेला, वेचून बाजूला टाकलेला.
अजून गंधकाचा वास होता, म्हणून दोन पाण्यानं धुतला.
फरशीवर दहा-दहाचे ढीग मांडायचे, एवढंच.
इंद्याच्या ढिगात सात राहिले,
अल्फियाच्या ढिगात तिची बोटं.
मांडली होती बेरीज,
झाली वजाबाकी,
आणि हातचा राहिला तो सगळा गालात.

मंगळवारी वजनं. पोरांची लिहिलीत, मागच्या पानावर आहेत.
पण नंतर काट्यावर खडूचा डबा चढला,
माझी चप्पल चढली,
रिकामा तांब्या, भरलेला तांब्या.
पाण्याला वजन असतंय
हे ओवीला पाचव्या वर्षी कळलं,
मला त्रेपन्नाव्या.
म्हणजे मानेला ठाऊक होतं, घागरी काय थोड्या वाहिल्या,
आकडा तेवढा आत्ता बघितला.

बुधवारी हर्षूला उलटी झाली.
दिवस त्यातच गेला.

गुरुवारी अंगणात पोरांना उभं केलं
आणि प्रत्येकाच्या सावलीला कोळशानं रेघ मारली.
डाळ शिजेस्तोवर सावल्या रेघेबाहेर निघालेल्या.
मी विचारलं, का रं अशी?
समरजित म्हणाला,
हिला अंगणवाडी आवडत नाही,
ही घरी चाललीय.
मग सगळ्यांनी आपापल्या सावलीवर पाय देऊन
तिला धरून ठेवलं.
कुणाचीच थांबली नाही, बाई,
पण अर्धा तास कुणी रडलंही नाही.

आता शुक्रवारचं सांगते. हे नीट ऐका.
ती शिवलीला, जतच्या पलीकडची,
आईबाप शेडवर बेदाणा हलवायला आलेत, ती.
महिनाभर ताट धरून एकच बोलायची,
एरडु, एरडु.
मला वाटायचं पोर एरंडाचं काहीतरी सांगतीय,
तिकडं त्यांच्या बांधाला असंल.
मी म्हणायची, व्हय गं बाळ, एरंड, चल पुढं.
शुक्रवारी बेडूकउड्या खेळत होतो,
एक फरशी, एक उडी.
तिची पाळी आली.
ओंदु, म्हणाली, आणि पहिल्या फरशीवर.
एरडु, म्हणाली,
आणि दुसरीवर.
मूरु, नाल्कु, भिंतीपर्यंत गेली, परत फिरली,
पोरं टाळ्या वाजवत होती
आणि माझ्या हातात पळी तशीच.

एरडु म्हणजे दोन.
दोन पळ्या, बाई.
महिनाभर मी एकच घालत होते.

त्या दिवशी तिला दोन घातल्या.
तिनं ताटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं,
आणि जेवायला बसली,
जसं काही झालंच नव्हतं.
मी भांडी घासायला मागं गेले ती
बराच वेळ घासत होते.

शनिवारी पर्यवेक्षिका बाईंचा फोन आला.
आठवड्याचा अहवाल भरून ठेवा म्हणाल्या,
उपक्रम, उद्दिष्ट, साध्य.
रकाना माझ्या अंगठ्याएवढा.
उपक्रमात लिहिलं: बेदाणा, काटा, सावली, उड्या.
उद्दिष्टात काय लिहू कळंना, तिथं रेघ ओढलीय.
साध्यात एक आकडा लिहिलाय, दोन.
त्या विचारतील, दोन काय?
तुम्ही सांगा काहीतरी, तुम्हाला जमतंय.

आणि एक.
आता सगळी अठरा पोरं
ताट पुढं करून एरडु म्हणायला लागलीत,
इंद्या तर मूरु म्हणतोय.
काल तळाला पळी घासली तेव्हा
माझ्या वाटणीची खरवड तेवढी राहिली.
तांदळाचं बघा.