महिन्याचं सामान

छत्तीस वर्षं मी नोटा तपासल्या
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये.
कोऱ्या, शाईच्या वासाच्या,
एकेका तावावर माझे कित्येक पगार.
अंगठ्याखालून ताव सरकला की कळायचं
कुठे रेघ जाड झाली, कुठे आकडा बसला नाही.

तूरडाळ मात्र कळत नाही.

हेमलताच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं
आणि पिशव्या माझ्याकडे आल्या.
तीन कापडी, एक नायलॉनची,
आणि तिची यादी, जिच्यात
वजनं आहेत, भाव नाहीत,
आणि तुरीपुढे एकच शब्द: बघून.

काय बघून?

मी आपला माझ्या पद्धतीने लागलो.
वहीत चार रकाने आखले.
बिटकोपाशी नवं मार्ट, आत गारेगार,
डाळ पाकिटात, पाकिटावर हसरं कुटुंब.
साखर दोन रुपयांनी कमी.
त्या दोन रुपयांसाठी आत शिरलो
आणि बाहेर आलो तेव्हा हातात बादली होती.
एकावर एक मोफत.
म्हणजे दोन बादल्या.

कोपऱ्यावर आवारेंचा मुलगा,
घरपोच देतो, लिहून ठेवतो,
भाव विचारला की मोबाइलमध्ये बघतो
आणि मग माझ्याकडे बघून ठरवतो.

बुधवारी गंगेवर गेलो.
पेठकडून आलेल्या बाया,
गोणपाटावर नागली, खुरासणी, काळे उडीद.
मी विचारलं, मापट्यात ग्रॅम किती बसतात?
ती म्हणाली, घरात खाणारी किती?
दोघं, मी म्हणालो.
तिने नागलीचं एक मापटं भरलं, वर शीग लावली,
शीग ढासळली ती पिशवीतच ढासळू दिली.
हे कोणत्या रकान्यात लिहायचं ते मला सुचलं नाही.

राहिलं भद्रकालीतलं छाजेडांचं दुकान,
जिथे हेमलता लग्नापासून जाते.
बसचं जाणं-येणं धरलं
तर महिन्याला सतरा रुपये तोटा.
दोनदा मांडून बघितलं. सतराच.

तरी गेलो.
गल्लीत हातगाड्या, हिंगाचा वास,
गल्ल्यावर छाजेडांचा नातू, कानात पेन.
मी यादी वाचली. तो मापत गेला.
लोकवन गहू, घोटीचा इंद्रायणी, जाडे पोहे, गूळ फोडून.
तुरीपाशी थांबला.
पोत्यात हात घातला, मूठ वर काढली,
आणि परत सोडली.
म्हणाला, काका, ही नका नेऊ.
जुनी आहे. शिजता शिजणार नाही, गॅस खाईल.
शुक्रवारी नवी येतेय.

मी म्हणालो, मग ही कोणाला देणार?
तो म्हणाला, मागत असेल त्याला. सांगून.

आमच्या टेबलावर लाल पेन्सिल असायची.
खराब ताव बाजूला काढायचा,
त्याचं मोल मनात आणायचं नाही.
बाजूला काढणारा माणूस
मला लांबून ओळखू येतो.

पैसे दिले.
त्याने माझी पाचशेची उजेडात धरली,
कड अंगठ्याने चाचपली.
मला राग आला नाही.
उलट वाटलं, सांगावं त्याला,
अजून थोडी तिरकी धर.

शुक्रवारी पुन्हा बस. म्हणजे तोटा चौतीस.
हेमलताने पलंगावरूनच डाळ मागितली,
एक दाणा दाढेखाली धरला,
कट्ट.
डोळे मिटून थोडा वेळ काहीच बोलली नाही.
मग विचारलं, भाव काय लावला?
मी सांगितला.
आणि बस?
बस धरली नाही, मी म्हणालो.

तीन शिट्ट्यांत वरण लोण्यासारखं.

साबण मात्र अजून मार्टातूनच आणतो,
साबणात काय बघून घ्यायचं असतं.
वही आहे, रकाने आहेत,
चौथ्यात आकडे लिहायचं सोडलंय.
एका बादलीने अंघोळ करतो.
दुसरीत कांदे ठेवलेत.