गुलाबी

मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर,
केंगे मॅडमनी बाटली फिरवली.
दोन थेंब जिभेवर, तोंडभर घोळवा, थुंका,
मग एकमेकांची तोंडं तपासा.
आज पेशंट नाहीत. आज तुम्हीच.

प्रणोती ढिकले, लेखीत चौऱ्याऐंशी,
ब्रशचा कोन पंचेचाळीस अंश, झोपेतून उठवलं तरी सांगेल,
हसली,
आणि हिरड्यांच्या कडेकडेनं
गाडीवरचा बर्फगोळा खाऊन आल्यासारखी गुलाबी.

माझ्या गालात तिनं आरसा सरकवला.
काही बोलली नाही.
तक्त्यावर आकडे लिहीत गेली:
दोन, दोन, तीन, दोन.
पेन्सिल जरा जास्तच वेळ चालली.

काय सांगू तिला?
की हॉस्टेलवर अकराला पाणी जातं?
की काल दीड वाजता
गंगापूर रोडच्या टपरीवरून चहा, क्रीमरोल करून आले
आणि उशीवर पुस्तक उघडं,
प्रकरण सातवं, रात्रीच्या ब्रशचं महत्त्व,
त्यावर गाल टेकून तशीच झोपले?

शनिवारी तांबट आळीतल्या शिबिरात
प्लॅस्टरचा जबडा हातात धरून मीच सांगत होते,
दोनदा, आजोबा. रात्री तर न चुकता.
वडके आजोबा. मिश्रीनं काळे पडलेले मोजून पाच दात.
जबडा माझ्या हातातून घेतला, उलटा केला,
आतल्या बाजूनं अंगठा फिरवला,
ठोक्यांनी चपटा झालेला अंगठा.
म्हणाले, पोरी, हंडा बाहेरून कुणीही घासतं.
जाणतं गिऱ्हाईक आत हात घालतं.
आणि उजव्या हाताचा माणूस
उजव्याच कोपऱ्यात चुकतो, बघ.
मी हसले होते. मोठ्यानं. सगळे दात दाखवून.

आता बेसिनपाशी रांग.
तौसीफच्या पांढऱ्या कोटावर दोन गुलाबी ठिपके,
कुणी बोटानंच घासतंय,
कुणी ओठ मिटून फोनमध्ये बघतंय.
मागून कुणीतरी विचारलं,
मॅडम, तुम्ही नाही घेतलं?
मॅडमनी बाटलीचं झाकण लावलं,
नीट, दोनदा फिरवून.
जर्नलमध्ये आकडे खरे लिहा, म्हणाल्या.

रात्री पावणेअकरा. नळाला अजून करंगळीएवढी धार.
मी उजवीकडून सुरुवात केली,
खालच्या दाढा, आतली बाजू,
जिथे ब्रश वाकडा धरावा लागतो आणि मनगट कुरकुरतं.
शेजारच्या नळावर प्रणोती.
आरशात आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही.
तोंडात फेस, बोलायची सोय नव्हती.

हे मंगळवारचं.
गुरुवारचं मी सांगत नाही.